बांधावरची चप्पल

माझ्या डोक्यात गेली वीस वर्षं चार ओळी आहेत आणि त्या माझ्या नाहीत. निदान तीन तरी नक्की नाहीत. उरलेल्या एकीचं मला अजून कळलेलं नाही, आणि ज्यांना विचारायचं ते आमचे सर आता मलाच विचारतात, "कोन गो तू?"

सर आम्हाला ठाण्याच्या कॉलेजात बीएला मराठी शिकवायचे. आधुनिक कवितेचा एक पेपर होता. तो घ्यायला कुणी तयार नसे म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला, असं स्टाफरूममध्ये म्हणत. उंच, वाळके, खिशाला कधी पेन नाही. वर्गात कुणाचंही पेन मागून घ्यायचे आणि आठवणीने परत करायचे, पण भलत्यालाच. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे. असं का, म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाले, "उद्या सांगतो." कुठल्याही प्रश्नाचं उत्तर ते दुसऱ्या दिवशी द्यायचे आणि तोवर आपण काय विचारलं होतं तेच आपण विसरलेलो असायचो. घड्याळाचं उत्तर मात्र कधीच आलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

त्यांच्या वर्गात 'म्हणजे' या शब्दाला बंदी होती. कवितेत दिवा आला की कुणीतरी हात वर करून विचारायचं, "सर, दिवा म्हणजे ज्ञान ना?" झालं. त्याला उठून खिडकीपाशी उभं राहावं लागे आणि खाली काय दिसतंय ते सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगावं लागे. खिडकी टेंभी नाक्याकडच्या रस्त्यावर उघडायची. एकदा आमच्या वर्गातला प्रसाद असा उभा राहिलेला.

"काही नाही सर, रिक्षा आहेत."

"काही नाही की रिक्षा? एक काय ते सांग."

"रिक्षा. तीन. मधल्या रिक्षात ड्रायव्हर झोपलाय. पाय बाहेर आलेत त्याचे."

"बस. आता कविता वाच."

प्रसाद वाचायचा, आणि खरं सांगते, दिवा मग दिवाच वाटायचा. ते चांगलं की वाईट हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. परीक्षेत दिवा म्हणजे ज्ञान, विहीर म्हणजे मन आणि वाट म्हणजे आयुष्य असंच लिहावं लागे. ते आम्ही गाइडमधून पाठ करायचो आणि सरांना कळू द्यायचो नाही. सरांना ते अर्थातच माहीत होतं.

महिन्यातून एकदा विसरायचा तास असे. हे नाव त्यांनीच दिलेलं. आधी एक कविता तोंडपाठ करायची, मग पुस्तक त्यांच्याकडे जमा. पुढचा महिनाभर त्या कवितेकडे वळायचं नाही, मनातल्या मनातही घोकायचं नाही. मग एक दिवस कोरा कागद द्यायचे आणि म्हणायचे, जे उरलंय ते लिहा. त्यांचं गाव खाडीकाठचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या मिठागराचं काम. ते फळ्यावर चौकोनी वाफे काढायचे आणि सांगायचे, "खारं पाणी आत घ्यायचं, कोंडायचं आणि गप बसायचं. पाणी जातं. त्याला जाऊ द्यायचं. खाली काय बसतं ते बघायचं." एका मुलीने अशीच एक कविता लिहिताना त्यात सायकल घातली. मूळ कवितेत सायकल कुठेच नव्हती. त्या पोरीला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले आणि ज्याने कविता कानामात्रेसकट बरोबर लिहिली होती त्याला सर म्हणाले, "तू विसरलाच नाहीस. पुढच्या वेळी नीट अभ्यास कर." तो मुलगा पुढे कॉमर्सला गेला.

मला सरांचा राग यायचा. माझे वडील अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होते, आम्ही विठ्ठलवाडीला राहायचो, आणि घरात शिकणारी मी पहिली. मला पास व्हायचं होतं. इथे हा माणूस विसरायला शिकवतोय. त्यात ते गूढ कविता शिकवायला लागले की आत्म्याशिवाय बोलत नसत. आत्मा पाण्यात उतरतो, आत्मा स्वतःला वरून बघतो. एक दिवस मी उभी राहिले आणि म्हटलं, "सर, आमच्यात आत्मा नसतो."

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"मग तुमच्यात काय असतं?"

घरी वडिलांच्या तोंडून ऐकलेलं तेवढं माझ्यापाशी होतं. म्हटलं, "स्मृती असते. सती म्हणतात तिला पालीत. आत्ता काय चाललंय त्याची आठवण ठेवणं."

"आत्ताची आठवण? म्हण..." असं म्हणून सर एकदम थांबले. अर्धा शब्द तोंडात तसाच. मग ते खडू ठेवून मुकाट्याने खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून बोलू लागले, "एक बाई चाललीय. हातात पिशवी. पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलीय. बाईला ते माहीत नाही." तास संपेपर्यंत ते तिथेच उभे होते. आम्ही हळूच निघून आलो.

त्या रविवारी ते विठ्ठलवाडीला आमच्या घरी आले. पत्ता कुठून काढला कोण जाणे. वडील टेबलफॅन खोलून बसलेले. सरांना बघून त्यांचे हात तसेच राहिले.

"जयभीम सर, या, बसा. पोरगी नापास झाली काय?"

"जयभीम. नाही हो, पोरगी हुशार आहे. मी तुमच्याकडे शिकायला आलोय."

वडिलांना वाटलं सर थट्टा करताहेत. मग कळलं की नाही. आईने चहा ठेवला, मी दारापाशी उभी, आणि माझे प्राध्यापक माझ्या फिटर वडिलांना विचारत होते की तुम्ही ध्यानाला बसता तेव्हा नक्की काय करता.

"काय नाय करत," वडील म्हणाले. "श्वास आला की आला म्हणायचं. गेला की गेला म्हणायचं. मध्ये आपण आपलं काय घालायचं नाय."

"आणि हे जो बघतो तो कोण?"

"कोण कशाला पायजे सर? बघणं चाललंय ना."

सर खोललेल्या पंख्याकडे बघत राहिले. इतका वेळ, की चहावर साय धरली. वडिलांना अवघडल्यासारखं झालं, त्यांनी पुन्हा पंख्याचे स्क्रू हातात घेतले. जाताना सर दारात मला म्हणाले, "तुझ्या वडिलांनी माझी दहा वर्षं वाचवली. की घालवली, ते उद्या सांगतो." तेही सांगायचं राहिलं. वडील मात्र पुढे आयुष्यभर पाहुण्यांना सांगायचे की आपल्याकडे एक प्रोफेसर शिकायला येऊन गेलेले, आणि आई म्हणायची, चहा तसाच टाकून गेलेले.

बीएच्या शेवटच्या वर्षी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. म्हणाले, "तुझ्याकडे जागा आहे का?"

मला वाटलं, भाड्याने खोली बघताहेत कुणासाठी. म्हटलं, "सर, आमचीच दीड खोली आहे."

"डोक्यात विचारतोय."

तेव्हा मला कळलं की सर कवी आहेत. तीस वर्षांत एकच कविता, आणि ती कागदावर नाही. तिचे पाच तुकडे, वेगवेगळ्या वर्षी पाच विद्यार्थ्यांकडे ठेवायला दिलेले. मी पाचवी. प्रसादकडे एक होता, आणि मेल्याने दोन वर्षं मला सांगितलंसुद्धा नव्हतं. नियम असे: लिहायचं नाही, कुणाला म्हणून दाखवायचं नाही. सर कधीही विचारतील तेव्हा म्हणायचं. मी विचारलं, लिहून का नाही ठेवत? त्या एकाच प्रश्नाचं उत्तर त्यांनी त्याच दिवशी दिलं. "कागदावर ठेवलं की माणूस निर्धास्तपणे विसरतो. माणसात ठेवलं की काळजीने विसरतो." हे मला पटलं की नाही, ते मी अजून ठरवतेय. पण चार ओळी मी घेतल्या.

पाणी आत आलं तेव्हा दार नव्हतं,
पाणी गेलं तेव्हा उंबरा पांढरा झाला.

त्यापुढच्या दोन ओळी नंतर सांगते, कारण घोटाळा तिथेच आहे.

पुढे मला ठाण्यालाच एका सरकारी ऑफिसात नोकरी लागली. सरांचा फोन यायचा. दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "म्हण." मी म्हणायची. ते "हं" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तरी "हं"च. चूक काढत नसत. सुरुवातीला मी रोज मनात म्हणायची. मग लग्न झालं, मुलगी झाली, बदली झाली, आणि ओळी कुठेतरी खाली गेल्या. विसरायचा तास म्हणावा तर तसं, निष्काळजीपणा म्हणावा तर तसंही.

एकदा भर दुपारी फोन आला. समोर माणसांची रांग, साहेब चिडलेले, आणि कानाशी सर. "म्हण." मी पहिल्या दोन ओळी म्हटल्या आणि तिसरी आलीच नाही. पूर्ण कोरं. रेकॉर्डरूमच्या बाहेर चपला काढून आत जायची आमच्याकडे पद्धत होती. माझी नजर तिथे गेली. एकच चप्पल होती, जोडीची दुसरी कुणीतरी लाथेने उडवलेली. माझ्या तोंडून निघालं,

"जो बघत होता त्याची चप्पल अजून बांधावर आहे."

आणि मग आठवलेली शेवटची ओळ, "उन्हाला विचारू नका, ऊन आंधळं आहे."

पलीकडे "हं" आलं नाही.

"चप्पल?" सर म्हणाले.

"सर, जरा गडबडीत आहे, मी मागून फोन..."

"ठेव. तिथेच ठेव."

फोन ठेव म्हणाले की चप्पल, मला कळेना. आठ दिवसांनी पुन्हा फोन. "डावी की उजवी?" मी म्हटलं, सर, आठवत नाही. तर म्हणाले, "बरोबर. मलाही नाही." त्यानंतर त्यांचा फोन आला की मी तीच ओळ म्हणायची. खरी तिसरी ओळ मला आजतागायत आठवलेली नाही. चोरी केल्यासारखं वाटायचं, आणि चोरी नक्की काय केली ते सांगता यायचं नाही. सांगून टाकावं असं दरवेळी ठरवायची आणि दरवेळी "हं" ऐकून गप्प बसायची. मग फोन येणं बंद झालं. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लपवत नाही.

मागच्या वर्षी काकूंचा फोन आला. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त. दोघं डोंबिवलीला राहतात. त्यांनी सरळ सांगितलं, "ह्यांचं आता सगळं पुसत चाललंय. मला ओळखतात, पण कधी बायको म्हणून, कधी आई म्हणून. बोलतात तेही लहानपणीचं, त्यांच्या आईचं. पस्तीस वर्षं ह्या घरात ती कविता ऐकतेय, एक तुकडा आज, एक तुकडा दिवाळीत. सलग एकदाही नाही. ह्यांना थोडं तरी समजतंय तोवर मला एकदा सगळी ऐकायचीय. तू येशील ना?"

मी हो म्हटलं आणि दोन रात्री झोपले नाही. कारण बाईंना ऐकायची होती नवऱ्याची कविता, आणि मी नेणार होते ऑफिसातली चप्पल.

रविवारी सकाळी डोंबिवलीला पोचले तेव्हा प्रसाद आधीच आलेला. तो आता कल्याणला क्लासेस चालवतो, पोट सुटलंय. आमच्या खूप आधीच्या बॅचचे एक गृहस्थ आलेले, बँकेतून निवृत्त झालेले. एक परदेशात असते, तिने आपला तुकडा मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलेला. राहिलेल्या एकाचा पत्ताच लागला नाही. काकूंनी ठरवून टाकलं की त्याची जागा आली की तेवढा वेळ गप्प बसायचं. सर बाल्कनीशेजारच्या खुर्चीत बसलेले. तेच मनगट, पण घड्याळ नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाले, "कोन गो तू? जेवलीस?"

सरांच्या तोंडून ती खाडीकाठची भाषा मी पहिल्यांदा ऐकली. वर्गात त्यांची मराठी पुण्याची असायची, एक शब्द इकडेतिकडे नाही. मी तशीच स्वयंपाकघरात गेले.

काकू पोहे परतत होत्या. मी म्हटलं, "काकू, आधीच सांगते. त्यातली एक ओळ माझी आहे. मी विसरले होते, तोंडाला येईल ते बोलले."

"एकच?" काकू म्हणाल्या. "प्रसाद म्हणतो त्याच्या दोन आहेत. शिवाय त्याने तेव्हा चोरून लिहून ठेवलं होतं ते वेगळंच आहे, आणि आता कुठलं म्हणू म्हणून मघापासून डोकं खातोय माझं."

"मग सरांचं काय उरलं?"

"ते मला काय विचारतेस? मी गणिताची." मग गॅस बारीक करून त्यांनी विचारलं, "तुझी कुठली?"

मी चपलेची ओळ म्हटली. काकूंनी गॅस बंदच केला.

त्यांनी सांगितलं ते असं. सर नऊ वर्षांचे असताना एका मोठ्या भरतीला मिठागराचा बांध फुटला. सरांचे वडील तो बुजवायला उतरले, ते पाण्याबरोबर खाडीत गेले. परत आले नाहीत. सर बांधावर उभे राहून बघत होते. पाणी ओसरल्यावर वडिलांची एक चप्पल तेवढी बांधावर राहिलेली. "हे मला लग्नानंतर वीस वर्षं माहीत नव्हतं. एके दुपारी कुणाला तरी फोन करून आले आणि रडायला लागले. म्हणाले, चप्पल मी कवितेत कधी आणू शकलो नाही, ती पोरीला सापडली. आयुष्यात त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं त्यांनी."

पोहे घ्यायला आलेला प्रसाद दारात ऐकत होता. तो म्हणाला, "असं कसं काकू? सांगायचे की वर्गात. बांधावरच्या चपलेचं. विसरायच्या तासाला."

"शक्य नाही," काकू म्हणाल्या.

"अगं, तू होतीस ना," प्रसाद मला म्हणाला.

मी होते की नव्हते? मी डोळे मिटून तो वर्ग आठवून पाहिला. फळा आला, वाफे आले, खडूचा पांढरा हात आला. चप्पल कधी दिसायची, कधी नाही. सांगितलं असेल तर ओळ त्यांची, मी फक्त सांभाळली. नसेल सांगितलं, तर एक माणूस इतकी वर्षं जे बोलू शकला नाही ते रेकॉर्डरूमच्या दारात मला कसं दिसलं? वडील असते तर म्हणाले असते, कोण कशाला पायजे. पण मला पायजे होतं. अजून पाहिजे आहे.

काकूंनी मला हॉलमध्ये ढकललं. "म्हण तशीच. मला तीच ऐकायचीय."

आम्ही सरांभोवती बसलो. बँकेतल्या गृहस्थांनी सुरुवात केली, दोन ओळींनंतर अडकले आणि तिथेच हात जोडून थांबले. मोबाइलमधला आवाज झाला. प्रसादने आपला तुकडा दोन्ही प्रकारे म्हटला, लिहिलेलाही आणि आठवलेलाही. मग न आलेल्याची जागा आली. सगळे गप्प. खालून कुणीतरी रिक्षावाल्याला हाक मारली तेवढीच. मग मी.

तिसऱ्या ओळीला सरांनी खाली पाहिलं. स्वतःच्या पायांकडे. पाय उघडे होते, आणि ते खुर्चीखाली काहीतरी चाचपडू लागले. काकूंनी वाकून त्यांच्या सपाता पुढे सरकवल्या. एक पाय आत गेला, दुसरा तसाच बाहेर राहिला. मी चौथी ओळ कशीबशी पुरी केली.

काकू पदराने डोळे पुसत होत्या. कविता चांगली होती का, मला सांगता येणार नाही. अर्धी तुटकी, मध्ये भोक पडलेली. पण ती एकदा सलग ऐकून झाली होती.

"कोनाची हाय?" सरांनी विचारलं.

"तुमची, सर."

"बरी हाय." त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघून अगदी लहान मुलासारखं विचारलं, "म्हंजे काय?"

प्रसादने माझ्याकडे पाहिलं, मी प्रसादकडे. आयुष्यभर त्या शब्दाला वर्गाबाहेर ठेवणारा माणूस तो शब्द हातात धरून बसला होता आणि उत्तराची वाट बघत होता. मी उठले आणि त्यांचा हात धरला. "सर, नियम म्हणजे नियम. चला खिडकीपाशी."

ते आले. एका पायात सपात, एक पाय उघडा. मी म्हटलं, "खाली काय दिसतंय ते सांगा. मोठ्याने."

त्यांनी गजांना धरून खाली पाहिलं. सोसायटीत पाणी आलं नव्हतं, गेटमधून टँकर आत शिरत होता.

"टँकर आयला," सर म्हणाले.

ड्रायव्हर उतरला, त्याने पाइप टाकीत सोडला, पाणी सुरू झालं. सर बघत राहिले. आम्ही त्यांच्या मागे उभे होतो आणि कुणी मध्ये काही घातलं नाही. टँकर रिकामा झाला. पाइप गुंडाळला गेला. टँकर मागे मागे जात गेटबाहेर पडला.

"पानी गेला," सर म्हणाले.

काकूंनी माझ्या कानाशी हळूच विचारलं, "ही पण त्यातलीच का गं?"

मला माहीत नव्हतं. मी हो म्हटलं.